साडेअठ्ठावन्न किलो : एका डबल स्कल्स जोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका नदीकाठच्या शहरातलं हे प्रकरण आहे. कॉलेजची मुलंमुली पहाटे साडेपाचला बोट क्लबवर येतात, आठला लेक्चर गाठतात आणि संध्याकाळी पुन्हा येतात. मी विद्यार्थी असताना इथेच रोइंग केलं आणि गेली काही वर्षं नोकरी सांभाळून मुलींच्या संघाला शिकवतो. पोरं मला दादा म्हणतात. घटना कोविडनंतरच्या दुसऱ्या हंगामातली आहे. यातल्या दोघींनी हा मजकूर वाचला, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आणि काय गाळायचं तेही त्यांनीच सांगितलं. त्यांची नावं इथे देत नाही. बोटीत त्यांना ज्या नावानं हाक मारतो तीच वापरतो : बो आणि स्ट्रोक.

डबल स्कल्स म्हणजे दोघींची बोट, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही. सीट चाकांवर पुढेमागे सरकते आणि दोघी जायच्या दिशेला पाठ करून बसतात. स्ट्रोक बोटीच्या मागच्या टोकाकडे बसते, लय ती ठरवते. बो तिच्या पाठीमागे. दिशा ती सांभाळते, आणि सबंध वेळ तिच्या डोळ्यांसमोर स्ट्रोकची पाठ असते. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

स्ट्रोक एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. वडील एसटीत वाहक. उंच, लांब हातांची. तिनं वल्हं लावलं की बोट जागची उठायची. बो तिच्याहून वर्षानं मोठी, शहरातलीच, बारीक चणीची आणि तंत्रात आमच्या क्लबमधली सगळ्यात नेटकी. मागच्या हंगामात मी दोघींना पहिल्यांदा एका बोटीत बसवलं, आणि महिन्याभरात त्यांची वल्ही एका आवाजात पाण्यात पडायला लागली. शिकवणाऱ्याच्या आयुष्यात अशी जोडी फार वेळा येत नाही.

प्रश्न

लाइटवेट, म्हणजे हलक्या वजनाच्या, गटाचा नियम साधा आहे. महिलांच्या डबलमध्ये एकीचंही वजन ५९ किलोच्या वर चालत नाही आणि दोघींची सरासरी ५७ च्या वर चालत नाही. वजन शर्यतीच्या दिवशीच होतं, शर्यतीला दोन तास ते एक तास उरलेला असताना. म्हणजे आदल्या दिवशी वजन देऊन रात्री पोटभर जेवायची सोय इथे नाही.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दोघींना काट्यावर उभं केलं. बो ५५.५, स्ट्रोक ६१.८. दोघींचं मिळून ११४ च्या आत हवं. बो आहे तिथेच राहिली, तर स्ट्रोकच्या वाट्याला येत होते साडेअठ्ठावन्न. राज्याची निवड चाचणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होती. हातात सोळा आठवडे आणि उतरवायचे होते ३.३ किलो. आठवड्याला जेमतेम दोनशे ग्रॅम. वहीत हे गणित मी माझ्या हातानं लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

लाइटवेटच कशाला, असं कोणी विचारेल. खुल्या गटात आमच्या मुलींसमोर ज्या संघांच्या मुली येतात त्या त्यांच्याहून चार बोटं उंच आणि दहा-दहा किलोंनी जड असतात. २००० मीटरच्या शर्यतीत ते वजन ताकद म्हणून कामी येतं. हलक्या बांध्याच्या माणसांना या खेळात जागा मिळावी म्हणूनच हा गट निघाला. १९९६ च्या अटलांटापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत तो ऑलिंपिकमध्ये होता. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हे आपले दोघे याच गटाच्या डबलमध्ये अकरावे आले. लाइटवेटमध्ये आमच्या जोडीला राज्याच्या संघात जागा मिळेल असं मला मनापासून वाटत होतं.

स्ट्रोकच्या बाजूनं आणखी एक हिशेब होता. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक म्हणजे काय, हे वाहकाच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिच्या वडिलांनी मला एकदा स्टँडवर गाठून विचारलं होतं, "सर, यंदा होईल ना?" मी म्हटलं, होईल.

आणि तिसरी गोष्ट माझी. २४ ऑगस्ट २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपल्या क्वाड्रुपल स्कल्सनं (चौघांची बोट, आम्ही तिला क्वाड म्हणतो) सुवर्ण जिंकलं, त्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ होता. आदल्या दिवशीच सिंगलच्या, म्हणजे एकट्याच्या बोटीच्या, अंतिम फेरीत तो आजारपणामुळे सगळ्यात शेवटी आला होता. सुवर्णाच्याच दिवशी सकाळी दुष्यंत चौहाननं लाइटवेट सिंगलमध्ये ब्राँझ जिंकलं, आणि शर्यत संपल्यावर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. या दोन्ही गोष्टी मी दर वर्षी नव्या पोरांना जेटीवर बसवून सांगायचो. त्या खऱ्या आहेत आणि मला आजही त्यांचा अभिमान आहे. पण ते दोघे सैन्यातले पूर्णवेळ खेळाडू होते आणि त्यांच्यामागे संघ होता. आमच्या मुलींमागे खानावळीचा डबा होता. हा फरक मी कधी सांगितला नाही. त्या गोष्टींमधून मुलींनी काय उचललं असेल, याचा विचार मला पुढे दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर सुचला.

पर्याय आणि पहिला निर्णय

पर्याय चार होते. एक, स्ट्रोकनं वजन उतरवायचं आणि जोडी लाइटवेटमध्ये उतरवायची. दोन, हीच जोडी खुल्या गटात. बोट चांगली धावली असती, पण पदकाची आशा कमी. तीन, जोडी फोडायची : बो लाइटवेट सिंगलमध्ये आणि स्ट्रोक खुल्या क्वाडमध्ये, जिथे उरलेल्या तिघींपैकी दोघी वर्षाच्याही जुन्या नव्हत्या. चार, बोच्या जोडीला तिसरी मुलगी. तिचं वजन होतं ५७.२, म्हणजे कोणालाच काही उतरवावं लागलं नसतं. पण तिला सिंगलमध्ये अजून वाऱ्याची भीती वाटायची.

आम्ही पहिला निवडला. "आम्ही" म्हणतो खरा, पण त्या दिवशी झालं ते असं. मी दोघींना वही दाखवली, आकडे सांगितले आणि स्ट्रोककडे बघून म्हटलं, "आठवड्याला दोनशे ग्रॅम. करशील ना?" ती म्हणाली, "हो दादा." बो काही बोलली नाही. संपूर्ण चर्चा पाच मिनिटांत आटोपली, कारण सूर्य वर येत होता आणि मला ऑफिस गाठायचं होतं.

"करशील ना" हा प्रश्न नसतो. त्यात नाही म्हणायला जागाच नसते. राज्याच्या संघाची जागा, जोडीदारणीचं वर्ष, वडिलांची अपेक्षा, दादाचा शब्द, एवढं सगळं त्या "ना" मध्ये होतं. तिची पाळी नियमित आहे का, याआधी कधी हाडाला दुखापत झाली होती का, तिच्या बांध्यावर उतरवण्याजोगी चरबी मुळात आहे का, यातलं मी काहीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर हे प्रश्न मला माहीतच नव्हते. आणि मी पुरुष, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. माहीत असते तरी विचारले असते का, याची खात्री नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर

पहिले सात आठवडे वजन जवळपास तिथेच होतं. दिवाळी आली, मग परीक्षेची तयारी. नोव्हेंबर संपताना काटा ६१.२ दाखवत होता. आठ आठवडे उरलेले, २.७ किलो जायचे. दुसरा निर्णय इथे घ्यायला हवा होता. मूळ गणित मोडलं होतं, तेव्हा पुन्हा बसून चारही पर्याय मांडायला हवे होते. मी काय केलं? सराव वाढवला. आठवड्याला सहा सत्रं होती ती नऊ केली. शर्यत जवळ येतेय आणि वजनही उतरेल, असा दुहेरी फायदा मला दिसला.

त्यात नदीनं भर घातली. डिसेंबरात जलपर्णी पुलापासून खाली पसरत आली आणि मोकळं पाणी नऊशे मीटर उरलं. नऊशे मीटरमध्ये बोट वेगात येते न येते तोच वळवावी लागते. मग निम्मी सत्रं आतल्या खोलीत अर्गोवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग यंत्रावर. अर्गोवर बोटीसारखा डोल नाही, वळणं नाहीत, थांबणं नाही. तासाभरात अकराशे-बाराशे फटके, आठवड्याचे मिळून नऊ-दहा हजार. दर फटक्याला पाय ढकलतात, हात खेचतात, आणि मधल्या बरगड्या किंचित वाकून पुन्हा सरळ होतात. पोट भरलेलं असेल तर हाड रात्रीतून स्वतःला डागडुजी करून घेतं.

स्ट्रोकचं पोट भरत नव्हतं. हे सगळ्यांना थोडं थोडं दिसत होतं आणि पूर्ण कोणालाच दिसत नव्हतं. खानावळीतल्या मावशींना दिसत होतं की डब्यातल्या चार पोळ्यांपैकी तीन परत येतात. त्यांनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, मार्गशीर्षातले गुरुवार धरलेत. गुरुवार आठवड्यात एकच येतो, पण उपवास म्हटल्यावर पुढे कोण विचारणार? उपवासाला आपल्याकडे मान आहे, त्याच्याआड मुलगी किती दिवस उपाशी राहू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या क्लबच्या नावाडीकाकांना दिवाळीनंतर तिनं घरून आलेला डिंकाच्या लाडवांचा अख्खा डबा दिला. स्टीलचा, झाकणावर आईनं सुईनं कोरलेलं नाव. काका मला म्हणाले, "पोरगी गुणाची आहे, एकसुद्धा न खाता दिला बघा." मलाही ते ऐकून बरं वाटलं. हाताशी आलेली खूण मी कौतुक म्हणून ठेवून दिली.

आकडेही बोलत होते. ऑक्टोबरात तिनं अर्गोवर २००० मीटर ७ मिनिटं ५८ सेकंदांत मारलं होतं. डिसेंबर अखेरच्या चाचणीत ८ मिनिटं १० सेकंद लागले. दर पाचशे मीटरला तीन सेकंद जास्त, तेही दीडपट सराव करून. माझ्या वहीत त्यापुढे लिहिलंय : "परीक्षेचा थकवा." त्याच ओळीत वजनाच्या रकान्यात ५९.३ आहे, आणि त्यापुढे मी बरोबरची खूण केली आहे. एकाच ओळीतल्या दोन आकड्यांपैकी कुठल्या आकड्यापुढे खूण करायची, एवढाच तो निर्णय होता, आणि मी चुकीच्या आकड्यापुढे केली.

तिसरा तुकडा

२ जानेवारीला ती ५८.९ होती. त्या आठवड्यातल्या शनिवारी पाण्यावर हजार मीटरचे चार तुकडे होते, वळणासकट. मी काठावरच्या रस्त्यानं सायकलवर होतो. धुकं होतं, त्यामुळे बोट दिसायच्या आधी ऐकू यायची : सीटची घरघर, वल्ही वळल्याची टक्, मग पाण्यात पडल्याची चळ्. तिसऱ्या तुकड्यात हा आवाज दुहेरी यायला लागला. चळ्-चळ्. दोघींची वल्ही वेगवेगळी पडत होती. मी ओरडलो, "एकत्र!" चार फटके आणखी झाले आणि आवाज थांबला.

धुक्यातून बोट दिसली तेव्हा स्ट्रोक वल्ह्यांच्या मुठी पोटाशी धरून बसली होती. तिनं वल्हं सोडलं नव्हतं, कारण सोडलं तर बोट उलटते हे अंगात मुरलेलं असतं. तिनं फक्त ओढणं थांबवलं होतं. श्वास वरच्या वर, कुत्र्याच्या पिल्लासारखा. बोनं एकटीनं बोट जेटीला आणली.

जेटीवर बो रडत होती. ती म्हणाली, "दादा, दहा दिवस झाले, हिचा डावा खांदा कॅचला खाली पडतोय. डावं वल्हं उशिरा जातंय." कॅच म्हणजे वल्हं पाण्यात पडतं तो क्षण. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तिचं उत्तर मी इथे तिच्या परवानगीनं देतो : "तुम्ही विचारलं नाहीत. आणि ती म्हणाली, दादांना सांगू नको, जोडी मोडतील."

रोज दीड तास जिच्या डोळ्यांसमोर ती पाठ होती, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. सगळी माहिती बोटीतच होती, माझ्यापासून दोनशे मीटरवर.

निदान

त्या दुपारी एका डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, स्नायू ताणलाय म्हणून तीन दिवस विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. यात त्यांचा दोष काढता येणार नाही. बरगडीला ताणानं गेलेली बारीक तडा सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. पण आम्ही रोइंगचं सांगितलं ते "खेळते" एवढंच. वजन उतरवतेय हे मी सांगितलं नाही, तिनंही नाही.

सोमवारी क्लबमधल्याच एका मुलीनं ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंचं नाव सुचवलं. त्यांनी स्ट्रोकला खोकायला लावलं, कुशीवर वळायला लावलं आणि काखेच्या खाली एका जागी बोट ठेवलं. ती कळवळली. मग त्यांनी विचारलं, "पाळी शेवटची कधी आली?" मी खुर्चीवरून उठून बाहेर गेलो. दारातून तेवढं ऐकू आलं : "दिवाळीच्या आधी."

एमआरआयमध्ये डावीकडच्या सहाव्या बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. रक्तात हिमोग्लोबिन १०.१, ड जीवनसत्त्व तळाला. ताईंनी आणि नंतर स्त्रीरोगतज्ज्ञांनी जे समजावलं ते प्रत्येक शिकवणाऱ्याला माहीत असायला हवं, म्हणून इथे सांगतो. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेतून आधी सरावाचा खर्च वजा होतो. जे उरतं त्यावर बाकी शरीर चालतं. उरणारं फारच कमी झालं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि जे बंद केल्यावर आज मरण येत नाही ते आधी बंद करतं. पाळी थांबते. हाडाची डागडुजी मागे पडते. सर्दी लवकर बरी होत नाही, झोप उडते, चिडचिड होते, आणि कितीही सराव केला तरी वेळ सुधारत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं. मुलग्यांनाही ते होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी ठळक खूण नसते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर सराव, परीक्षा, ताण असली कारणं न शोधता डॉक्टरांकडे जायचं. "खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच" हे वाक्य मी याआधी जेटीवर दोनतीनदा ऐकलं होतं, आणि तो विषय आपला नाही म्हणून पुढे गेलो होतो.

तडा नाताळच्या सुमारास पडायला लागली असावी. तेव्हा तिला कुशीवर झोपता येत नव्हतं. ती बाम लावून उताणी झोपायची.

एकोणीस दिवस

चाचणीला एकोणीस दिवस होते. पर्याय पुन्हा चार. क्लबमधले एक ज्येष्ठ म्हणाले, "आठ मिनिटांचा तर प्रश्न आहे. इंजेक्शन घेऊन उतरू दे, मग विश्रांती घेईल." त्यांच्या पिढीनं असंच केलं होतं, आणि बोलण्यात दुष्टपणा नव्हता. स्ट्रोकची स्वतःची तयारी होती, उलट तीच सगळ्यात जास्त हट्ट धरून होती. दुसरा पर्याय जोडीचं नाव काढून घेण्याचा. तिसरा, बोनं सिंगलमध्ये उतरण्याचा. चौथा, बो आणि तिसरी मुलगी.

या वेळी मी सगळ्यांना बसवलं : दोघी, तिसरी मुलगी, फिजिओथेरपिस्ट ताई, आणि फोनवर स्ट्रोकचे आईवडील. पहिला प्रश्न मी ताईंना विचारला, इंजेक्शन घेऊन उतरली तर काय होईल. त्या म्हणाल्या, दुखणं दबेल, तडा दबणार नाही. पूर्ण मोडली तर सहा आठवड्यांचं काम कितीतरी लांबेल, शिवाय आधी हाड इतकं कमजोर का झालं त्याचं उत्तर अजून आपण दिलेलंच नाही. फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिची आई म्हणाली, "सर, लाडू खात होती ना ती?"

स्ट्रोकला उतरवायचं नाही हे तिथे ठरलं. हा निर्णय मी तिच्यावर सोडला नाही, आणि ते बरोबर केलं असं मला वाटतं. ऑक्टोबरात तिला विचारायला हवं होतं तेव्हा मी सांगून मोकळा झालो. जानेवारीत मात्र उपाशी, थकलेल्या आणि सगळ्यांना निराश करतोय असं वाटणाऱ्या मुलीवर निवडीचं ओझं टाकणं म्हणजे अंग काढून घेणं झालं असतं. ती माझ्यावर फार चिडली. आठवडाभर क्लबवर आली नाही.

बोला तिसऱ्या मुलीबरोबर बसायचं नव्हतं. तिच्या मते तो विश्वासघात होता. तिला तयार केलं ते स्ट्रोकनंच, मी नाही. काय बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलेलं नाही. सोळा दिवस नवी जोडी पाण्यावर राहिली. सरासरी ५६.३५, वजनाचा प्रश्नच नाही. मी एकच गोष्ट सांभाळली : रेट, म्हणजे मिनिटाचे फटके, ३० च्या वर नेला नाही, कारण नव्या मुलीचं वल्हं त्याच्या वर अडकायचं.

पुढे काय झालं

चाचणीत नवी जोडी चौथी आली. निवड झाली नाही. बोचं ते शेवटून दुसरं वर्ष होतं, आणि राज्याच्या संघात ती पुढेही कधी आली नाही. हे लिहिताना मला जड जातं, कारण ऑक्टोबरात चौथा पर्याय निवडला असता, तर सोळा दिवसांऐवजी सोळा आठवडे मिळाले असते. ती जोडी पहिली आली असती असं मी म्हणत नाही. पण त्यांना लढायची खरी संधी मिळाली असती.

स्ट्रोक सहा आठवडे बोटीपासून आणि अर्गोपासून लांब राहिली. दुखणं थांबल्यावर स्थिर सायकल, मग चालणं, मग वल्ह्याशिवाय नुसतं सरकत्या सीटवर पुढेमागे. आहारतज्ज्ञांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं की भात सोडायचा नाही, आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. खजूर, केळी, शेंगदाण्याची चिक्की, दूध. महागाचं काही नव्हतं. अवघड होतं ते तिच्या डोक्यात. वाटीभर भात खाल्ला की ती त्या संध्याकाळी काट्यावर जायची. शेवटी काटा काकांनी कुलपात ठेवला. मार्चमध्ये ती एकदा म्हणाली, "दादा, भूक लागणं म्हणजे सराव चांगला झाला, असं मला वाटायला लागलं होतं."

पाळी आली मेच्या शेवटी. जूनमध्ये वजन ६२.५ वर ठरलं आणि तिथेच राहिलं. पुढच्या नोव्हेंबरात तिनं अर्गोवर ७ मिनिटं ५१ सेकंद काढले, तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, सगळ्यात जास्त वजनावर. खुल्या क्वाडमध्ये ती त्या हंगामात आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीत होती. सहावी. पदक नाही, त्यामुळे आरक्षणाचं जे गणित होतं ते सुटलेलं नाही. वडिलांनी पुन्हा मला काही विचारलं नाही.

बो आणि स्ट्रोक पुन्हा एका बोटीत बसल्या नाहीत. बोलतात, एकमेकींच्या वाढदिवसाला असतात, पण त्या दहा दिवसांबद्दल बोचं म्हणणं आहे की तिला गप्प राहायला लावलं. स्ट्रोकचं म्हणणं आहे की तिनं गप्प राहायला नको होतं. दोघींचं बरोबर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, ऑक्टोबरातली पाच मिनिटं. ती चर्चा आता आम्ही आठवड्याभरात करतो, मुलीला घरी बोलायला वेळ देऊन, आणि तिच्याशी बोलायला एक बाई असते. त्यासाठी क्लबच्या एका माजी रोअर ताई महिन्यातून दोनदा येतात. लाइटवेटमध्ये उतरायचं असेल तर हंगामाच्या सुरुवातीलाच मुलगी गटाच्या वजनाच्या किलोभराच्या आत हवी, नाहीतर तो विषयच काढायचा नाही. याला क्लबमध्ये विरोध झाला. एका वर्षी यामुळे आमची लाइटवेट बोटच उतरली नाही. मला तो नियम सैल करायचा नाही.

दुसरं, सराव वाढवायचा असेल तेव्हा वजन उतरवायचं नाही आणि वजन उतरवायचं असेल तेव्हा सराव वाढवायचा नाही. नोव्हेंबरअखेर मी दोन्ही एकदम केलं. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक मी तीच मानतो. जलपर्णी माझ्या हातात नव्हती, पण अर्गोची सत्रं अर्धी सायकलवर नेणं माझ्या हातात होतं.

तिसरं अजून नीट जमलेलं नाही. दर सोमवारी प्रत्येक मुलगी एका कागदावर चार ओळी भरते : झोप कशी, भूक कशी, कुठे दुखतंय, पाळी वेळेवर का. पाळीचा रकाना फक्त ताई बघतात. पाचवी ओळ जोडीदारणीची : तिच्यात काही वेगळं दिसतंय का. ही ओळ मुली सहसा कोरी सोडतात. चुगली केल्यासारखं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. तोंडी विचारून पाहिलं, तर "काही नाही दादा" असं येतं. बोला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मलाही लिहिता आलं नसतं. कोणीतरी रोज माझ्या शेजारून सायकल चालवत विचारलं असतं, तर कदाचित सांगितलं असतं."

स्ट्रोक आता शेवटच्या वर्षाला आहे आणि सोमवारचे कागद तीच गोळा करते. गेल्या महिन्यात एका पहिल्या वर्षाच्या मुलीचा कागद तिनं वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्या मुलीला घेऊन जेटीच्या टोकाला जाऊन बसली. मी बोटीचं रिगर, वल्हं ज्यावर टेकतं ती चौकट, कसत होतो. अर्ध्या तासानं दोघी उठल्या. ती मुलगी त्या दिवशी पाण्यावर गेली नाही, खानावळीकडे गेली. स्ट्रोक माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, आज क्वाडमध्ये तीन नंबरला कोणीतरी बसवा."